दापोलीहून अंधेरीत नोकरी, हातात २७ हजार: राहायचं कुठे?

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी हर्णैजवळच्या गावातली. दापोलीत दोन वर्षं एका लॅबमध्ये काम केलं, आता अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत टेक्निशियनची नोकरी लागली आहे. हातात २७ हजार येतील. त्यातले ५ हजार घरी द्यायचेच आहेत. धाकटा भाऊ रत्नागिरीत शिकतो आणि जून-जुलैत मासेमारी बंद असली की बाबांची होडी किनाऱ्यावर असते. डिपॉझिटसाठी ६० हजार साठवले आहेत. रुजू व्हायला तीन आठवडे उरलेत.

शिफ्ट दोन आहेत. एक आठवडा सकाळी ७ ते साडेतीन, पुढचा आठवडा दुपारी २ ते रात्री साडेदहा.

आतापर्यंत फोनवरूनच शोधलं. अंधेरीत एकटीसाठी खोली घ्यायची तर पगार संपतो. एका पीजीत खोलीत चौघी, एका पलंगाचे ११ हजार, आणि स्वयंपाक करायला मनाई. एका फ्लॅटच्या एजंटने पहिला प्रश्न विचारला, "मासे खाता का?" मी म्हटलं, आमची होडी आहे. त्याने फोन ठेवला. आई बाजूलाच बसली होती, फोन स्पीकरवर होता. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. ते मला अजून लागून राहिलंय.

मुंबईत नातेवाईक आहेत, एक आत्या घाटकोपरला, तिच्या दोन खोल्यांत पाच माणसं. तिच्याकडे किती दिवस राहावं?

लांब राहून भाडं वाचवावं की जवळ राहून? नालासोपारा, दिवा, पनवेल अशी नावं सगळे सांगतात. तुमचा अनुभव लिहा.

खाडीपलीकडे

सुरंगी, आधी अभिनंदन. मी गुहागरची, नालासोपाऱ्यात सहा वर्षं काढली आणि अंधेरीलाच काम करत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळे तुला भाडं सांगतील. तू शिफ्ट बघ. सकाळची शिफ्ट असेल तेव्हा तुला नालासोपाऱ्याहून साडेपाचच्या सुमारास निघायचंय, त्या वेळी गाडीत बसायलासुद्धा मिळतं. परतताना साडेतीनला सुटलीस तर गर्दीच्या आधी घरी. तो आठवडा सुखाचा. पण रात्री साडेदहाला सुटणार त्या आठवड्यात लॅबमधून स्टेशन, गाडीची वाट, मग पाऊण-एक तास प्रवास, म्हणजे उतरेपर्यंत मध्यरात्र. गाडीत महिला डब्यात रात्री पोलीस असतो, तिथे मला भीती वाटली नाही. भीती स्टेशनच्या बाहेर पडल्यावर वाटायची. शेअर रिक्षा दहा-साडेदहानंतर विरळ होतात. मी स्टेशनपासून दोन किलोमीटरवर ७ हजारांत फ्लॅट घेतला होता आणि दुसऱ्या शिफ्टला रोज एकटीने रिक्षा केली. महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा कळलं की स्टेशनच्या पाच मिनिटांवरचं साडेआठ हजारांचं घर मला स्वस्त पडलं असतं.

तेव्हा लांब घ्यायचंच असेल तर स्टेशनपासून पायी, दिव्यांच्या आणि दुकानांच्या रस्त्यावर. रात्री अकराला स्वतः चालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस. दुपारी दाखवलेलं घर आणि रात्रीचं घर वेगळं असतं.

मालवणी_दिव्यात

गो बाय, काय्येक घाबरा नको. आमच्या सोसायटीत अर्दे मालवणी आसत, माश्याक कोण इचारणत नाय. गावाक जाताना गाडी हयसूनच सुटता.

आता प्रमाण भाषेत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. दिव्यात खोल्या स्वस्त आहेत हे खरं. सावंतवाडी आणि रत्नागिरीची पॅसेंजर इथूनच सुटते, म्हणून कोकणातली माणसं इथे वसली. पण अंधेरीसाठी मी दिवा सुचवणार नाही. घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ किंवा चकाला करता येतं, रस्ता सोपा आहे, पण सकाळी दिव्याला गाडीत शिरणं हीच लढाई. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं गेली, ती गाडी आमच्याच मार्गावरची. माझी बायको त्या दिवशी दोन गाड्या मागे होती. शिवाय पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो आणि त्याची वर्गणी भाड्यात धरलेली नसते. कुठेही घर बघताना नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं हे मालकाला विचारू नकोस, शेजारणीला विचार.

मांडव्याची_लाट

अलिबागकडची भाडी बघून कुणी सुचवेल म्हणून लिहितो. मी मांडव्याहून गेटवेला बोटीने जायचो, फोर्टात काम होतं तेव्हा जमलं. पावसाळ्यात त्या बोटी बंद असतात, मग रो-रोवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीवर, किंवा रस्त्याने वळसा. अंधेरीसाठी याचा विचार नको.

लालबागची_खोली

सुरंगी, तुझ्या आईचं वाचून वाईट वाटलं. मी ७१ वर्षांचा आहे, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. माझे वडील गिरणीत होते आणि मी लहानाचा मोठा झालो तो आमच्या गावकीच्या खोलीच्या आसपास.

नव्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. गावाने मिळून लालबाग-परळला एक खोली घेतलेली असे. दहा बाय बारा. गावातून जो मुंबईला येईल त्याने तिथे ट्रंक आणि वळकटी ठेवायची आणि महिन्याची वर्गणी द्यायची. वीस-पंचवीस माणसं एका खोलीच्या नावावर. जमत कसं? पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. उन्हाळ्यात निम्मे गॅलरीत, निम्मे फूटपाथवर. जेवण खानावळीवर, एखादी बाई वीस-तीस डबे रांधायची. भिंतीवर खिळा ज्याचा त्याचा ठरलेला. नवा मुलगा आला की त्याला नोकरी लागेपर्यंत वर्गणी माफ, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता पण मोडलेला मी पाहिला नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, काही इमारतींच्या जागी मनोरे आले. पण मंडळं राहिली. दापोली तालुक्यातल्या बहुतेक गावांचं मुंबईत काही ना काही मंडळ आहे, गणपती-शिमग्याच्या बसगाड्या तेच ठरवतात. आता त्यांचे व्हॉट्सॲप गट आहेत. एजंटला फोन करण्याआधी गावातल्या सरपंचाकडून किंवा देवळाच्या मानकऱ्याकडून मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर घे. कुणाची खोली रिकामी होणार आहे, कोण मुलगी जोडीदारीण शोधते आहे, हे तिथे आधी कळतं, जाहिरात नंतर येते.

सुरंगी

काका, तुमचं वाचून आजोबांची आठवण आली. तेही चिंचपोकळीला अशाच खोलीत होते. पण आजी सांगायची की तिने ती खोली आयुष्यात एकदाच पाहिली, तीही दारातून, कारण आत बायकांना राहायला जागाच नव्हती. बायका गावाला, मनीऑर्डरची वाट बघत. आमच्या घरातून मुंबईत नोकरीला जाणारी पहिली मुलगी मी आहे. म्हणून विचारते, मंडळाच्या लोकांना एकट्या मुलीसाठी खोली विचारलेलं चालेल ना?

लालबागची_खोली

तुझी आजी खरं सांगायची. आम्ही त्या खोल्यांचं इतकं कौतुक करतो, पण त्या पुरुषांसाठीच होत्या, हे मी आज पहिल्यांदा असं समोर ठेवून बघितलं. विचार, बिनधास्त विचार. माझी पुतणी आमच्या मंडळाची खजिनदार आहे, काळ बदललाय. अडचण आली तर मला इथेच निरोप टाक, मी फोन करीन.

नोंदणीवाला

मी भाडेकरारांची नोंदणी करून देतो, वीस वर्षं हेच काम. कोकणातून येणारी मुलं पैसे कमी म्हणून नेमकी कागदावर बचत करतात आणि तिथेच अडकतात, म्हणून जरा लांब लिहितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाड्याचा किंवा लिव्ह ॲन्ड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. "अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही" हे एजंट सर्रास सांगतात, आपल्या राज्यात ते चूक आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर त्याला दंड आणि कैदेचीही तरतूद आहे, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च किती? समजा भाडं ९ हजार, परत मिळणारं डिपॉझिट ४० हजार, मुदत ११ महिने. एकूण भाडं ९९ हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते इथे पावणेचार हजारांच्या आसपास. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. बाकी जे काही मागतात ती एजंटची मजुरी. ती घ्यायला हरकत नाही, तो घरी येऊन अंगठे घेतो, पण ग्रासचं चलन (सरकारी भरण्याची ऑनलाइन पावती) मागून बघ म्हणजे सरकारला किती गेले आणि त्याला किती हे कळेल.

आता घर कुणाचं आहे ते. तीन ठिकाणी जपून.

चाळीतली पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायम भाड्याने घेतलेली खोली असेल तर तुला देणारा स्वतःच भाडेकरू असतो. मूळ मालकाशी तसा करार नसेल तर त्याला ती दुसऱ्याला देता येत नाही, कलम २६. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या घरात मूळ रहिवासीच राहतो का याची तपासणी होते, आणि त्यात आधी बाहेर पडतो तो भाडेकरू. तिसरं, अनधिकृत इमारत. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला न्यायालयाच्या आदेशाने ४१ इमारती पाडल्या, तिथली कुटुंबं रस्त्यावर आली. घरपट्टीची पावती बघायला माग. त्यात अनधिकृत बांधकामाची "शास्ती" म्हणून रक्कम लावलेली दिसली तर असं घर सोडून दे.

डिपॉझिट रोख देऊ नकोस, बँकेतून दे. "चाव्या परत केल्या त्याच दिवशी डिपॉझिट परत" हे वाक्य करारात लिहून घे. आणि राहायला जायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा, नळांचा, भिंतींवरच्या ओलीचा फोटो काढून मालकाला पाठव.

बकुळ

शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. माझ्या मालकाने भिंतीला रंग काढायचा म्हणून २५ हजारांतले ९ हजार कापले. ओल मी यायच्या आधीपासून होती, पण फोटो नव्हता. आठ महिने मागे लागले, मिळाले नाहीत. तेव्हा माझा पगार १८ हजार होता.

डिपॉझिटला कायद्यात मर्यादा नाही का?

नोंदणीवाला

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. आपल्याकडे ठरेल ते. म्हणून घासाघीस करायची. "हेवी डिपॉझिट, भाडं शून्य" असं कुणी म्हटलं तर कोकणातल्या माणसाने सरळ नाही म्हणावं. जमीन किंवा दागिना मोडून दिलेले चार-पाच लाख एका माणसाच्या शब्दावर राहतात.

आबोली

सुरंगी, आत्याकडे किती दिवस, हा प्रश्न कुणी घेतलाच नाही, म्हणून मी घेते. मी राजापूरची, मावशीकडे "पंधरा दिवस" म्हणून गेले आणि सात महिने राहिले. मावशी कधी बोलली नाही. पण तिचा मुलगा बारावीला होता आणि तो माझ्यामुळे सात महिने स्वयंपाकघरात अभ्यास करत होता, हे मला खूप उशिरा कळलं. आजही त्याच्यासमोर मला अवघडायला होतं.

जा, नक्की जा, पहिला महिना माहेरचं माणूस हवंच. पण जाण्याआधी फोनवर तारीख सांग. "आत्या, ३० तारखेपर्यंत." आणि पैसे हातात देऊ नकोस, ती घेणार नाही. पहिल्याच दिवशी तांदूळ, तेल, गॅसचा सिलिंडर असं काहीतरी आणून टाक. त्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी घरं बघ.

खाडीपलीकडे

आबोलीशी सहमत. फोनवर घर ठरवू नकोस हे राहिलंच सांगायचं. "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, आधी भाडं पाठवा मग किल्ली" असा कुणी भेटला का? ती फसवणूक आहे.

सुरंगी

भेटला होता! ओळखपत्राचा फोटोही पाठवला होता. पाच हजारांचा क्यूआर कोड आला तेव्हा भावाने थांबवलं.

कोकम

माशांबद्दल लिहायचं आहे. मला तीन घरं याच कारणाने नाकारली गेली. चौथ्यांदा मी खोटं बोलले, शाकाहारी आहे म्हणाले, घर मिळालं. चौदा महिने मी आईने पाठवलेले सोडे कपाटात डबाबंद ठेवले आणि बाहेर कुठेतरी खाऊन यायचे. सणालासुद्धा घरी बांगडा तळला नाही. स्वतःच्या घरात चोरासारखं राहिल्यासारखं वाटायचं. असं करू नकोस. पहिल्याच फोनमध्ये तू सांगितलंस ते बरोबर केलंस. दहा जण नाही म्हणतील, अकरावा आपला असेल. कांदिवली-मालाडच्या पूर्वेकडे, जोगेश्वरी पूर्वेला, भांडुपला आपली वस्ती मोठी आहे, तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पनवेलकर_मामा

पनवेल, उलवे बघितलंत का? उरणची लोकल जानेवारी २०२४ पासून पूर्ण सुरू झाली आहे, घरं नवी आहेत.

खाडीपलीकडे

मामा, घरं छान आहेत, पण उलव्याहून अंधेरीला गाडी बदलावी लागते आणि पनवेलहून अंधेरीची थेट लोकल असली तरी थोड्या. रात्री साडेदहाला सुटणाऱ्या मुलीला नाही जमणार. बेलापूर-वाशीकडे नोकरी असेल त्याला मात्र मी तेच सांगेन.

सुरंगी

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा. घर मिळालं.

आत्याला ३० तारीख सांगून गेले, २७ ला बाहेर पडले. मंडळाच्या सेक्रेटरीकाकांनी गटावर दोन ओळी टाकल्या आणि संध्याकाळपर्यंत तीन फोन आले. जोगेश्वरी पूर्वेला चाळ आहे, सोसायटी झालेली, खोली मालकीची. मोरी आत, संडास बाहेर सामाईक. माझ्याबरोबर रत्नागिरीची एक नर्स आहे, तिच्याही पाळ्या असतात. भाडं दोघींत १३ हजार, माझे साडेसहा. डिपॉझिट ५० हजार, माझे २५. विजेचे आणि पाण्याचे धरून महिन्याला साडेसात हजारांत बसतं. नालासोपाऱ्याला पायी अंतरावर एक छान वन आरके बघितलं होतं, संडास आत, गॅलरी, साडेआठ हजार. दोन दिवस त्यावर जीव अडकला होता. मग खाडीपलीकडे ताईंनी सांगितलं तसं रात्री साडेदहाला अंधेरीहून निघून तिथपर्यंत गेले, भावाला बरोबर घेऊन. पोचायला बारा वाजायला आले. परत आल्यावर ठरवलं. इथे रात्री लॅबमधून रिक्षाने वीस मिनिटांत दारात असते, आणि चाळीत अकरापर्यंत कुणी ना कुणी ओट्यावर असतंच. बाहेरच्या संडासाची सवय व्हायला मला आठवडा लागला, हे खरं सांगते.

मालक नोंदणीला तयार नव्हते, "आजवर कधी केली नाही" म्हणाले. मी नोंदणीवाला काकांची पोस्ट त्यांच्या सुनेला वाचून दाखवली. दंडाचं वाचल्यावर तिनेच सासऱ्यांना समजावलं. घरपट्टीची पावती बघितली, शास्ती नाही. पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइन भरली. चलनावर सरकारी खर्च दिसला आणि आम्ही तिघांनी वाटून दिला.

आई आली होती सोडायला. दापोलीच्या एसटीने, बरोबर सुकट, सोडे आणि तांदळाचं पीठ. पहिल्या संध्याकाळी तिने बोंबील भाजले तर शेजारच्या लांज्याच्या काकू वास आला म्हणून ताट घेऊनच आल्या. आई हसली. त्या फोननंतर मी तिला पहिल्यांदा असं हसताना बघितलं.

आमच्या समोरच्या खोलीत दोघी राहतात, त्यातली एक पुढच्या महिन्यात लग्न करून जातेय. एका मुलीची जागा रिकामी होईल, भाडं आमच्याइतकंच, मालक वेगळे पण नोंदणीला तयार आहेत, मी विचारून घेतलं. कोकणातून कुणी येत असेल तर मला इथे निरोप टाका. जागा बघायला रात्री या, मी सकाळच्या शिफ्टला असेन त्या आठवड्यात स्टेशनवर घ्यायला येईन.